हिवाळ्यातले ४४ टक्के वर्षभराला लावू नका

प्रश्न विचारणारे डॉक्टर हडपसर-मांजरी भागात लहान मुलांचं छोटं रुग्णालय चालवतात. गेल्या वर्षभरात जुलाबांसाठी पाच वर्षांखालची ३२५ मुलं त्यांच्याकडे दाखल झाली. त्यातली ७५ डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत आली. त्या ७५ पैकी ६४ मुलांचे शौचाचे नमुने त्यांनी तपासून घेतले आणि २८ रोटाव्हायरस (लहान मुलांना जुलाब करणारा एक विषाणू) पॉझिटिव्ह निघाले, म्हणजे ४४ टक्के. आसपासच्या वस्तीत पाच वर्षांखालची साधारण १२,००० मुलं आहेत. ते विचारतात : ३२५ चे ४४ टक्के, म्हणजे वर्षाला १४३ मुलं रोटाची, असं लिहिलं तर चालेल का? आणि त्यावरून आमच्या भागाचा आकडा कसा काढायचा? पुढे रोटासोबत जुलाबांचे इतर विषाणूही शोधायचं त्यांच्या मनात आहे.

डॉक्टर, १४३ लिहू नका. खरा आकडा बहुधा त्याच्या निम्म्याच्या आसपास असेल. तुमची तपासणी चुकलेली नाही. चूक गुणाकारात आहे, आणि ती इतकी सहज होते की मी स्वतः आणि माझ्यासोबत शिकलेल्या बहुतेकांनी ती कधी ना कधी केलेली आहे.

पुण्यात जुलाबांचे हंगाम दोन आहेत. पहिला पावसाळ्याचा. जून-जुलैत पाणी गढूळ होतं, माश्या वाढतात, आणि ई. कोलाय, शिगेला यांसारख्या जिवाणूंचे जुलाब वाढतात. दुसरा दिवाळीनंतरचा. हवा कोरडी होते, पहाटे गारठा पडतो आणि ओपीडीत वेगळंच मूल यायला लागतं : आठ महिने ते दीड वर्षाचं, आदल्या रात्री दोन-तीन उलट्या, अंग थोडं गरम, आणि सकाळपासून पाण्यासारखी शी. हा रोटाचा काळ. कोरड्या, थंड हवेत हा विषाणू खेळण्यांवर, दाराच्या कड्यांवर जास्त टिकतो, हे त्याचं एक कारण मानलं जातं.

आता गंमत अशी की हिवाळ्यात रोटा वाढतो आणि त्याच वेळी बाकीचे जुलाब कमी होतात. टक्केवारी दोन्ही बाजूंनी फुगते. पावसाळ्यात उलट. तेव्हा रोटाची मुलं असतात, पण छेदच, म्हणजे जुलाबांच्या एकूण मुलांचा आकडा, इतका मोठा असतो की टक्केवारी लहान दिसते. म्हणून एका हंगामाची टक्केवारी दुसऱ्या हंगामाच्या मुलांना लावता येत नाही. प्रत्येक महिन्याची दाखल मुलं त्याच महिन्याच्या टक्केवारीने गुणायची, आणि बेरीज त्यानंतर करायची.

तुमचेच आकडे घेऊन पाहू. बाकीच्या महिन्यांत तुम्ही तपासणी केलेली नाही, म्हणून तिथे मी नुसती कल्पना करते. समजा जून ते सप्टेंबर १५० मुलं आली आणि त्यात रोटा १० टक्के, म्हणजे १५. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ४० मुलं, २५ टक्के, म्हणजे १०. डिसेंबर ते फेब्रुवारी तुमची ७५ मुलं, ४४ टक्के, म्हणजे ३३. मार्च ते मे ६० मुलं, १५ टक्के, म्हणजे ९. बेरीज ६७. वर्षभराची टक्केवारी २१ च्या जवळ. १४३ कुठे आणि ६७ कुठे! आणि या ६७ पैकी जवळजवळ निम्मी मुलं तीन महिन्यांत आलेली आहेत. तुम्हाला जो हंगामी भार सांगायचा आहे तो हाच, आणि तो सगळ्यांना एकच ४४ टक्के लावल्यावर पूर्ण पुसला जातो.

त्या ४४ टक्क्यांचाही फार भरवसा धरू नका. ६४ पैकी २८ म्हणजे ९५ टक्के खात्रीने ३२ ते ५६ च्या दरम्यान कुठेही. लिहिताना ही मर्यादा सोबत लिहावी. नमुने ३० असते आणि त्यातले १२ पॉझिटिव्ह असते, तर तीच मर्यादा साधारण २५ ते ५८ झाली असती. म्हणून महिन्याला सात-आठच नमुने मिळत असतील तर तीन हिवाळ्यांचे जानेवारी एकत्र करा, पण जानेवारी आणि ऑगस्ट कधीच एकत्र करू नका.

वर्ष कुठून सुरू करायचं हेही आत्ताच ठरवा. जानेवारी ते डिसेंबर असं कॅलेंडरचं वर्ष धरलं तर एकाच हिवाळ्याचे दोन तुकडे होतात : डिसेंबर एका वर्षात, जानेवारी-फेब्रुवारी दुसऱ्यात. मी कायम जुलै ते जून धरते. म्हणजे पूर्ण हिवाळा एका वर्षात बसतो आणि दोन वर्षांची तुलना खरी होते.

आता दाखल मुलांच्या आकड्याकडे येऊ, कारण तो दिसतो तितका सरळ नाही. मूल दाखल होणं हे त्याच्या आजारावर अवलंबून असतं, तसंच तुमच्याकडे खाट रिकामी आहे का यावरही. पुण्यात ऑगस्ट ते ऑक्टोबर डेंग्यूचे दिवस असतात, खाटा भरलेल्या असतात. तेव्हा मध्यम निर्जलीकरण झालेल्या मुलाला आपण चार तास ओआरएस पाजतो आणि घरी पाठवतो, किंवा दुसरीकडे जायला सांगतो. तेच मूल जानेवारीत आलं असतं तर दाखल झालं असतं. नुसते दाखल मोजले तर हिवाळा आहे त्याहून मोठा दिसतो. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे दाखल होवो न होवो, जुलाबांच्या प्रत्येक मुलाचा व्हेसिकारी गुणांक केसपेपरवर लिहिणं. जुलाब किती दिवस आणि दिवसात किती वेळा, उलट्या किती, ताप किती, निर्जलीकरण किती, उपचार काय, यांचे २० पैकी गुण. ११ किंवा त्याहून जास्त म्हणजे तीव्र. मग 'दाखल मुलं' ऐवजी 'तीव्र जुलाबांची मुलं' मोजता येतात, आणि खाटांचा प्रश्न बराचसा बाजूला पडतो. दोन मिनिटांचं काम आहे, नर्सताईंना शिकवलं की त्या उत्तम करतात.

नमुना न घेतलेली ११ मुलं कोणती होती, हेही शोधा. मी पूर्वी ज्या ग्रामीण रुग्णालयात काम करत होते तिथे एका वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला रोटाचा आलेख एकदम खाली गेला. आम्ही हवामानाच्या नोंदी काढून बसलो होतो. शेवटी कळलं की दिवाळीत प्रयोगशाळेतले दादा नऊ दिवस गावी होते, आणि त्या काळातले नमुने घेतलेच गेले नव्हते. मुलं येतच होती. तेव्हापासून मी दर आठवड्याला दोन आकडे शेजारी शेजारी लिहिते : किती मुलं नमुन्यासाठी पात्र होती आणि किती नमुने घेतले. रोज पहिल्या पाच मुलांचेच नमुने घ्यायचे असा नियम असेल, तरीही हीच अडचण येते, कारण गर्दीच्या आठवड्यात पाचनंतरची मुलं सुटतात आणि शिखर सपाट दिसतं. नमुना दाखल झाल्यापासून ४८ तासांत घ्यावा. त्यानंतरचा रोटा वॉर्डातच लागलेला असू शकतो.

इथवर झालं ते तुमच्या रुग्णालयाबद्दल. १२,००० मुलांच्या वस्तीबद्दल बोलायचं तर आणखी दोन गोष्टी हव्यात : तुमची किती मुलं त्या वस्तीतली आहेत, आणि त्या वस्तीतली दाखल होणारी किती मुलं तुमच्याकडे येतात. पहिली गोष्ट पत्त्यावरून कळते. केसपेपरवर नुसतं 'हडपसर' लिहून भागत नाही, वस्तीचं किंवा सोसायटीचं नाव लागतं. दुसरी गोष्ट अवघड आहे. काही जण थेट ससून या सरकारी रुग्णालयात जातात, काही मगरपट्ट्याजवळच्या मोठ्या रुग्णालयांत, काही गावाकडे आजीकडे. यासाठी घरोघरी विचारावं लागतं : गेल्या वर्षभरात तुमचं मूल जुलाबांसाठी दाखल झालं होतं का, आणि कुठे? घरी होऊन गेलेले जुलाब आईला वर्षभराने आठवत नाहीत, पण सलाईन लागलेली रात्र कोणतीही आई विसरत नाही, म्हणून या एका प्रश्नाला वर्षभराची मुदत चालते. अंगणवाडीची नोंदवही आणि आशाताई इथे फार उपयोगी पडतात. मात्र सोसायट्यांतली मुलं अंगणवाडीच्या वहीत बहुधा नसतात, ती वेगळी गाठावी लागतील.

समजा तुमच्या ६७ पैकी ४५ मुलं त्या वस्तीतली निघाली, आणि सर्वेक्षणात दिसलं की दाखल होणाऱ्या चारांतलं एक मूल तुमच्याकडे येतं. मग वस्तीत वर्षाला रोटामुळे दाखल होणारी मुलं १८०, म्हणजे दर हजारी १५. हाच वाटा तीनात एक असता तर दर हजारी ११, आणि पाचात एक असता तर १९. बघा, प्रयोगशाळेतल्या चाचणीपेक्षा या एका प्रश्नाच्या उत्तराने आकडा जास्त हलतो. खर्च करायला थोडेच पैसे असतील तर ते किटवर न घालता या सर्वेक्षणावर घाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिवाय ते १२,००० सुद्धा वर्षभर १२,००० नसतात. पुणे जिल्ह्यात साखर कारखान्यांचा गाळप हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड कुटुंबं येतात. दौंड, शिरूर, बारामती, इंदापूरला कारखान्यांभोवती त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. वीटभट्ट्याही याच काळात पेटतात. म्हणजे रोटाच्या ऐन हंगामात छेद वाढतो, आणि ज्यांचं लसीकरण अर्धवट राहण्याची शक्यता जास्त अशाच लहानग्यांनी वाढतो. तुमच्या भागात बांधकामावरच्या मजुरांच्या वस्त्या असतील तर त्यांची मोजणी हिवाळ्यात वेगळी करा.

कोप्यांवर विचारणा करताना मी एक धडा शिकले. 'बाळाला जुलाब झाले का?' विचारलं की आई 'नाही' म्हणते. शेजारी बसलेली सासू म्हणते, 'दात येतायत त्याला.' दात येताना शी पातळ होतेच, तो काही आजार नाही, अशी ठाम समजूत. मग आम्ही प्रश्न बदलला : काल सकाळपासून आज सकाळपर्यंत किती वेळा शी झाली, आणि ती नेहमीपेक्षा पातळ होती का? २४ तासांत तीन किंवा जास्त पातळ शी म्हणजे जुलाब, ही व्याख्या आपण लावायची, आईला लावायला सांगायची नाही.

घरी होऊन जाणारे जुलाब मोजायचे तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पद्धत माहीत असू द्या. त्यात 'गेल्या दोन आठवड्यांत' असं विचारतात. २०१९-२१ च्या फेरीत देशभरात पाच वर्षांखालच्या ७.३ टक्के मुलांना त्या दोन आठवड्यांत जुलाब झाले होते. यावरून वर्षाचा आकडा काढताना बरेच जण ७.३ ला २६ ने गुणतात. ते जास्त होतं. जुलाब सरासरी चार दिवस टिकतात असं धरलं तर दोन आठवड्यांच्या आधी सुरू होऊन आत शिरलेलेही त्यात मोजले जातात, म्हणजे खिडकी १४ ची नसून १८ दिवसांची. ३६५ भागिले १८ म्हणजे सुमारे २०. मग दर मुलामागे वर्षाला साधारण दीड वेळा. पण सर्वेक्षणाची माणसं कोणत्या महिन्यांत घरी आली यावर हा आकडा अवलंबून असतो, म्हणून हंगामाबद्दल त्यातून काहीच काढू नका. आणि रुग्णालयातली रोटाची टक्केवारी या घरगुती जुलाबांना अजिबात लावू नका. रोटा इतरांपेक्षा तीव्र असतो, म्हणून दाखल मुलांत त्याचा वाटा मोठा आणि घरच्या जुलाबांत लहान असतो.

देशाच्या पातळीवर घरचे आजार, ओपीडी, दाखल मुलं, मृत्यू असा हा उतरता मनोरा किती उंच आहे ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजावरून दिसतं. लसीपूर्वी भारतात वर्षाला रोटाचे सुमारे १ कोटी १४ लाख आजार, ३२.७ लाख ओपीडीच्या भेटी, ८.७२ लाख दाखल मुलं आणि ७८,००० मृत्यू. दाखल होणाऱ्या एका मुलामागे एकूण तेरा आजार. तुमच्या दर हजारी १५ ला थेट १३ ने गुणायचा मोह होईल, पण थांबा. पुण्यात मूल लवकर दाखल होतं, दूरच्या आदिवासी पाड्यावर होत नाही. देशाचं गुणोत्तर शहराच्या एका वॉर्डाला बसत नाही.

लसीचं आता. ११६ई या मुळात दिल्लीत नवजात बाळांत सापडलेल्या विषाणूपासून बनलेल्या लसीची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळच्या वढू इथे झाली होती. दुसरी भारतीय लस तर तुमच्या शेजारी, सिरम इन्स्टिट्यूटची. राष्ट्रीय लसीकरणात रोटाची लस २०१६ मध्ये चार राज्यांपासून सुरू झाली आणि महाराष्ट्रात २०१९ मध्ये आली. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तीन डोस. पहिल्या वर्षातला तीव्र रोटा या लसीने साधारण निम्म्याने कमी होतो. त्यामुळे २०१९ आधीचे पुण्याचे आकडे आजच्या मुलांना लावू नका. आणि पुन्हा टक्केवारीचा सापळा इथेही आहे. रोटा निम्मा झाला आणि बाकीचे जुलाब तितकेच राहिले, तर नोरोव्हायरस या जुलाबांच्या दुसऱ्या विषाणूची टक्केवारी आपोआप वाढते. मग कोणीतरी 'नोरो वाढतोय' असं लिहितं. तो वाढलेला नसतो. मुलं मोजा, मग दिसेल. प्रत्येक केसपेपरवर माता बाल संरक्षण कार्डावरून लसीच्या तारखा उतरवा. आईच्या आठवणीवर जाऊ नका, कारण पोलिओचे थेंब आणि रोटाचे थेंब यांत गल्लत होते.

रोटासोबत नोरो, अॅस्ट्रो, सॅपो आणि अॅडेनो ४०/४१ हे जुलाबांचे इतर विषाणूही शोधायचे, असं तुमच्या मनात आहे. पीसीआर (विषाणूचा अगदी थोडा अंशही पकडणारी चाचणी) केलं तर ते सापडतील, पण धडधाकट मुलांच्या शौचातही सापडतील. म्हणून सापडणं आणि कारण असणं यांत फरक करावा लागतो. त्यासाठी जुलाब नसलेल्या, त्याच वयाच्या, त्याच महिन्यातल्या मुलांचे नमुने हवेत, उदाहरणार्थ लसीकरणाला आलेल्या मुलांचे. आजारी आणि निरोगी मुलांची तुलना करून शक्यता-गुणोत्तर काढायचं, म्हणजे आजारी मुलांत विषाणू सापडण्याची शक्यता निरोगी मुलांच्या किती पट आहे ते. ते १० आलं तर पॉझिटिव्ह मुलांतले ९० टक्के खरोखर त्या विषाणूमुळे आजारी. १.५ आलं तर फक्त एक तृतीयांश. सूत्र सोपं आहे : एकमधून, एक भागिले गुणोत्तर, वजा करायचं. रोटाला एलायझा चाचणी पुरेशी आहे, कारण ती विषाणू भरपूर असतानाच पॉझिटिव्ह येते. चार महिन्यांखालच्या बाळात मात्र पीसीआर जपून वाचा. तोंडावाटे दिलेल्या लसीचा विषाणूही काही दिवस शौचात येतो.

प्रयोगशाळा नसेल तर नुसत्या ओपीडी नोंदींवरून हिवाळ्यातली 'जादा' मुलं मोजण्याची पद्धत आहे. शांत महिन्यांची पातळी काढायची आणि हिवाळ्यात तिच्यावर किती मुलं गेली ते बघायचं. पुण्यात शांत महिने म्हणून वर्षाची सरासरी घेऊ नका. पावसाळ्याचं शिखर त्यात शिरतं आणि हिवाळ्याची जादा मुलं त्यात गिळली जातात. मार्च-एप्रिल घ्या. रोटा वर्षभर थोडा असतोच, म्हणून हा आकडा खालचाच येईल, तसं लिहा. २०२० आणि २०२१ पातळी काढताना वगळा, त्या दोन वर्षांत मुलं घरातच होती आणि दवाखानेही नेहमीसारखे नव्हते.

प्रत्येक हिवाळा रोटाचाच असतो असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात गुलेन-बॅरी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. बातम्या आल्यावर साधे जुलाब झालेली मुलंही घाबरून दवाखान्यात आणली गेली. त्या महिन्याची ओपीडी वाढली, पण त्यातली किती वाढ आजाराची आणि किती भीतीची, हे नुसत्या नोंदवहीवरून सांगता येत नाही. तपासलेले नमुने असतील तरच सांगता येतं. असा महिना तुमच्या आकड्यांत असेल तर त्याच्यावर खूण करा आणि त्याच्यासह व त्याच्याविना असे दोन हिशोब द्या.

आत्ता तुमच्या हातात जे आहे त्यावर एवढंच लिहा : डिसेंबर ते फेब्रुवारीत दाखल झालेल्या ७५ मुलांपैकी साधारण ३३ मुलं रोटाची असावीत, २४ ते ४२ च्या दरम्यान. हा आकडा खरा आहे आणि उपयोगाचाही. हिवाळ्याआधी ओआरएस आणि झिंकचा साठा किती ठेवायचा, नोव्हेंबरपासून किती खाटा मोकळ्या ठेवायच्या, हे त्यावर ठरवता येतं. वर्षाचा आणि वस्तीचा आकडा पुढच्या जूनला काढू. १ जुलैपासून एक वही सुरू करा. त्यात मुलाचं वय महिन्यांत, वस्ती, जुलाब सुरू झाल्याची तारीख, दाखल झाल्याची तारीख, व्हेसिकारी गुण, लसीच्या तीन तारखा, नमुना घेतला की नाही, आणि घेतला नसेल तर का, एवढे रकाने ठेवा. पावसाळ्यात रोज नमुने झेपत नसतील तर प्रत्येक तिसऱ्या मुलाचा घ्या, पण तो तिसराच असू द्या, सोयीचा नको. एलायझा लगेच करायची नसेल तर नमुने उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवा, आणि लोडशेडिंग झालं तर किती तास, तेही त्याच वहीत लिहा.